नळ आले का?

नागपुरात सकाळी शेजारणीला विचारायचा प्रश्न ठरलेला आहे : "नळ आले का?" पाणी आलं का, असं सहसा कोणी विचारत नाही. नळ भिंतीतच असतो, तरी तो "येतो" आणि "जातो", आणि कधी "आज आलेच नाही" असा निरोप गल्लीभर फिरतो. या तीन शब्दांना उत्तरही नेमकं मिळतं. आले, पण धार बारीक आहे. साडेसहाला आले अन् सातला गेले. आले, पण वरच्या माळ्यावर चढून नाही राहिलं. आता हीच गोष्ट सर्वेक्षणाच्या छापील भाषेत विचारून पाहा : "आपल्या परिसरातील पाणीपुरवठ्याच्या गुणवत्तेबाबत आपण कितपत समाधानी आहात?" दारातली बाई क्षणभर थांबते, टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे बघते आणि म्हणते, "ठीक आहे."

नागरिकांच्या सर्वेक्षणात याहून महाग उत्तर नाही. टॅबवर ते पाचपैकी तीन म्हणून चढतं, त्याची बेरीज होते, सरासरी निघते आणि पुढे ते आकडा म्हणून मिरवायला लागतं. दारात बोललं गेलं तेव्हा मात्र त्याचा अर्थ काहीही असू शकतो. खरंच ठीक आहे. किंवा ठीक नाही, पण तुला सांगून काय उपयोग. किंवा कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, आटप लवकर. किंवा घरमालक वरच राहतो, त्याच्या बोअरवेलबद्दल इथे उभं राहून बोलायची माझी हिंमत नाही. शहरातलं जगणं आणि सोयीसुविधा मोजायच्या म्हणजे या "ठीक आहे"ची गाठ सोडवायची. रंगीत नकाशे आणि अहवालाचं गुळगुळीत मुखपृष्ठ त्यानंतरचं.

केंद्र सरकारच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकाच्या २०२० च्या फेरीत नागरिकांच्या मताला शंभरपैकी ३० गुणांचं वजन दिलं गेलं. १११ शहरांतून ३२ लाखांवर लोकांनी उत्तरं दिली. एवढा आकडा ऐकला की माणूस दबतो. पण सर्वेक्षणात किती जणांनी उत्तर दिलं यापेक्षा कोणी दिलं नाही, हे आधी विचारायचं असतं. मोबाइलवर लिंक पाठवून मतं गोळा केली की ज्याच्याकडे लिंक पोचली, ज्याला ती उघडता आली आणि ज्याला बोलायची खाज होती, त्याचंच शहर कागदावर उतरतं. मग उत्तरं लाखांत असोत.

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण म्हणजे अख्खं नमुनाशास्त्र आहे. पातेलं घरच्या चौघांचं असो की लग्नाच्या पंगतीचं, दोन-चार शितं पुरतात. अट एकच, भात ढवळलेला हवा. वरवरची शितं घेतली तर तळाला करपलेलं कळत नाही, मग तुम्ही वरून शंभर घ्या की हजार. गणिताच्या भाषेत, ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेसाठी ३८४ उत्तरं लागतात. वर्ध्यालाही ३८४ आणि २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर असलेल्या नागपूरलाही तेवढीच. लोकांना हे पटत नाही, पण ते खरं आहे.

मात्र अख्ख्या नागपूरचा एकच आकडा कोणाच्या कामाचा नसतो. महापालिकेचे झोन दहा आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. झोनच्या अधिकाऱ्याला त्याच्या झोनचा आकडा हवा असतो, म्हणजे ३८४ प्रत्येक झोनला. त्यातही एक मेख आहे. खर्च वाचावा म्हणून एका गल्लीत जाऊन दहा घरं घेतली जातात. त्या दहा घरांची पाइपलाइन एक, कचरागाडी एक, खड्डाही एकच. दहा उत्तरं मिळतात, पण दहा उत्तरांची माहिती मिळत नाही. शेजाऱ्यांच्या उत्तरांतलं साम्य (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे अगदी सारखी उत्तरं) ०.१ धरलं तर नमुना किती पट वाढवायचा त्याचा हिशेब असा : १ + (१० − १) × ०.१ = १.९. म्हणजे ३८४ चे झाले सुमारे ७३०. गल्लीत पाचच घरं घेतली तर गुणक १.४ वर येतो आणि ५३८ मध्ये भागतं, पण गल्ल्या ७३ वरून १०८ होतात आणि पेट्रोल वाढतं. पाण्याच्या प्रश्नाला हे साम्य ०.१ हून बरंच जास्त निघतं, कारण प्रेशर कमी झालं तर अख्ख्या लाइनीचं होतं. म्हणून मला विचाराल तर गल्लीत कमी घरं, पण गल्ल्या जास्त. दहा झोनचे मिळून ७,३०० अर्ज धरले, एक माणूस दिवसाला सहा-सात अर्ज नीट भरतो असं धरलं, तर तीस जणांच्या चमूला सहा-सात आठवडे लागतात. कोणी पंधरा दिवसांत करून देतो म्हणाला, तर तो कसं करणार हे आधी विचारावं.

गल्ल्या निवडायच्या कोणत्या यादीतून, हा खरा डोकेदुखीचा भाग. जनगणनेचे गट चांगले, सव्वाशे-दीडशे घरांचे, पण ते २०११ चे. हुडकेश्वर-नरसाळा मनपात आलं २०१३ मध्ये, आणि बेसा-बेलतरोडीकडे तेव्हा जिथे शेतं होती तिथे आज फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. मतदारयादी ताजी असते, पण भाड्याने राहणारे, शिकायला आलेले, मिहानमध्ये नोकरीला लागलेले यांची नावं अजून गावाकडच्या यादीत असतात. उलट लग्न होऊन गेलेली मुलगी आणि वारलेले आजोबा यादीत ठाण मांडून बसलेले. नेमके ज्यांना शहराच्या सोयी सर्वांत कमी लाभतात, ते दोन्ही याद्यांतून निसटतात. त्यावर उपाय म्हणजे उपग्रहाच्या छायाचित्रावर चौकडी आखून, छपरं मोजून चौकोन निवडायचे, आणि तिथे पायी जाऊन आधी घरांची नवी यादी करायची. या यादीला दिवस-दोन दिवस जातात. अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यावरच चालते आणि मग पुढची सगळी अचूकता शोभेपुरती उरते.

एका झोनचं एकच चित्र धरणंही धोक्याचं. धरमपेठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगले येतात, पण पांढराबोडीही तिथलीच. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक पॉश ले-आउटच्या पाठीला पाठ लावून आहेत. म्हणून झोनच्या आत घरांचे चार प्रकार वेगळे काढायचे : झोपडपट्टी, महाल-इतवारीसारखी जुनी दाट वस्ती, प्लॉटवरच्या घरांचे ले-आउट आणि फ्लॅट स्कीम. प्रत्येकातून वेगळा नमुना.

गल्लीत उतरल्यावर नियम साधा असतो. ठरलेल्या बिंदूपासून उजवा हात धरून चालायचं आणि दर सातवं घर घ्यायचं. मोजायचं दार, फाटक नव्हे. फ्लॅट स्कीमच्या एका फाटकामागे चाळीस दारं असतात, आणि जुन्या वाड्यात बोळातून आत गेलं की मागे अजून तीन बिऱ्हाडं निघतात. इतवारीत खाली दुकान, वर घर, आणि वर जायचा जिना दुकानातूनच. सर्वेक्षण करणारा माणूसच असतो. लिफ्ट नसलेला तिसरा माळा, 'कुत्र्यापासून सावध'ची पाटी आणि "यहाँ कोई नहीं रहता" म्हणणारा वॉचमन यांच्यापुढे त्याचा सातवा नकळत सहावा होतो.

आणि कुलूप. कुलूप लागलेलं घर सोडून शेजारचं घेणं, ही सर्वेक्षणातली सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक सूट आहे. दुपारी बाराला घरी सापडतं कोण? निवृत्त माणूस, गृहिणी, आजारी. ज्या घरी दोघंही कामावर जातात, जो सकाळी सातला हिंगण्याला एमआयडीसीत जातो, जी चार घरची धुणीभांडी करून तीनला परतते, त्यांच्या दाराला कुलूप असतं. बसची वेळ, रस्त्यावरचा अंधार, पाळणाघर हे प्रश्न त्यांचेच. कुलपाऐवजी शेजारी घेत गेलं की हे प्रश्न शहरातून नाहीसे होतात. म्हणून त्याच दारी तीन खेपा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी. चमूची सुटी सोमवारी ठेवली की रविवार वसूल होतो. तीन खेपांनंतरही कुलूपच असेल तर अर्जावर "कुलूप" लिहायचं, आणि अहवालात किती घरं कुलूप निघाली तो आकडा छापायचा.

घरात शिरल्यावर विचारायचं कोणाला? पुस्तकं सांगतात, ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला त्याला. पद्धत सुटसुटीत आहे, पण आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी लावलेली आहे. अर्ध्या गल्लीतल्या ज्येष्ठांचा वाढदिवस १ जून! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वेक्षण निघालं की प्रत्येक घरातून आजोबाच निवडले जाणार. त्यापेक्षा लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला तक्ता बरा. घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची वयाप्रमाणे यादी करायची आणि तक्ता दाखवेल त्या क्रमांकाच्या माणसाला विचारायचं. हल्ली टॅबमधलं ॲप हे काम आपणहून करतं.

इथे अजून एक अडचण येते. तक्त्याने घरचा बावीस वर्षांचा मुलगा निवडला, आणि त्याला नळ किती वाजता येतात हे ठाऊकच नाही. तो झोपलेला असतो. तेव्हा अर्जाचे दोन तुकडे करावेत. घराचा तुकडा, म्हणजे पाणी, कचरा, गडर (गटार), बिलं : हा जो माणूस पाणी भरतो त्याला विचारायचा, आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे बाई असते हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. माणसाचा तुकडा, म्हणजे प्रवास, सुरक्षितता, दवाखाना, बाग, मनःस्थिती : हा तक्त्याने निवडलेल्याला. अर्ज थोडा लांबतो, पण खरा होतो.

आता प्रश्नांची भाषा. सर्वेक्षणाचा निम्मा जीव इथे आहे. सरकारी मराठीत मलनिस्सारण, पथदिवे, घनकचरा व्यवस्थापन, सार्वजनिक परिवहन. गल्लीत गडरलाइन, खांबावरचा लाइट, कचरागाडी, 'आपली बस' ही शहर बस, मेट्रो, शेअर ऑटो. "मलनिस्सारण व्यवस्थेबाबत समाधानी आहात का" याला मिळणारं "हो" हे निव्वळ सभ्यतेचं हो असतं, न कळल्याचं. मोमीनपुऱ्यात, जरीपटक्यात अर्ज हिंदीत लागतो, आणि मराठीतून हिंदीत केलेला अर्ज दुसऱ्याच कोणाकडून परत मराठीत करून घ्यायचा असतो. तेव्हाच कळतं की "परिसर"चं "पर्यावरण" झालंय. तसा "परिसर" हा शब्द मराठीतही बेभरवशाचा. कोणाचा परिसर किराणा दुकानापर्यंत, कोणाचा अख्खा प्रभाग. त्यापेक्षा "घरापासून पायी दहा मिनिटांत" असं सरळ म्हणावं.

मत विचारण्याआधी घटना विचारावी, हा दुसरा नियम. "कचरागाडी नियमित येते का?" यातलं "नियमित" प्रत्येकाचं वेगळं. "गेल्या सात दिवसांत कचरागाडी किती दिवस आली?" याला बोटांवर मोजून उत्तर मिळतं. पाण्याबद्दल विचारायचं ते असं : नळ किती वाजता येतात, किती वेळ राहतात, घरचं सगळं पाणी भरायला किती वेळ जातो, काल किती गुंड भरले, टिल्लू पंप (नळातून पाणी खेचणारी छोटी मोटर) लावावा लागतो का. टिल्लूचा प्रश्न शेवटी ठेवावा आणि दुसऱ्यावर घालून विचारावा, "या गल्लीत लोकांना टिल्लू लावावा लागतो का?" कारण तो लावायला मनाई आहे आणि स्वतःचा कोणी कबूल करत नाही. गल्लीतल्या चौघांनी लावला की पाचव्याचा नळ हवा सोडतो, म्हणून पाचवा हमखास खरं बोलतो.

सुरक्षिततेचंही तसंच. "आपल्याला सुरक्षित वाटते का?" याला गडी माणूस नाही म्हणतच नाही. "रात्री नऊनंतर एकट्याने किराणा दुकानापर्यंत शेवटचं कधी गेलात?" असं विचारलं की उत्तराआधी येणारी शांतताच पुष्कळ सांगते. जुन्या घटनेची तारीख हवी असेल तर महिना विचारू नये; पोळ्याआधी की नंतर, दिवाळीत की शाळा उघडल्यावर, असं विचारावं. आणि एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नयेत. "रस्ते व पथदिवे समाधानकारक आहेत का?" रस्ता सिमेंटचा गुळगुळीत आणि वर काळोख, अशा ठिकाणी माणसाने काय सांगावं?

मत तर विचारावंच लागतं. तेव्हा "अतिशय समाधानी" पासून "अतिशय असमाधानी" पर्यंतच्या पाच पायऱ्या एका दमात वाचून दाखवल्या की ऐकणारा मधलीवर उतरतो. तीच ती "ठीक आहे"ची पायरी. दोन टप्प्यांत विचारलं की चित्र पालटतं. आधी एवढंच : "चांगलं की वाईट?" मग त्याच्या उत्तरावरून : "थोडं की खूप?" मधली पायरी वाचून दाखवायचीच नाही, कोणी स्वतःहून म्हणालं तरच टिपायची.

त्याहून रंगतं ते चिंचोक्यांचं काम. सहा चित्रं ओसरीवर मांडायची : नळ, गडर, कचरागाडी, लाइट, बस, दवाखाना. हातात दहा चिंचोके द्यायचे आणि सांगायचं, ज्याची जास्त तकलीफ त्यावर जास्त ठेवा. तोंडाने विचारलं तर सगळंच महत्त्वाचं असतं. चिंचोके दहाच असल्यावर मात्र हात अडखळतो. नळावर पाच पडतात, मग दोन उचलून गडरवर जातात, एक पुन्हा परत येतो. सुनेने ठेवलेले सासू सरकवते. तो सरकवलेला चिंचोकाही टिपून ठेवावा. घरात त्रासाची वाटणी कशी झाली आहे, हे त्यातून कळतं.

समाधानाची एक विचित्र गाठ मात्र उत्तम प्रश्नांनीही सुटत नाही. ज्या वस्तीत वर्षानुवर्षं टँकर यायचा आणि आता नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येतं, तिथले लोक खूश. ज्या ले-आउटला दिवसभर पाणी आहे आणि परवा दोन तास गढूळ आलं, तिथले संतापलेले. समाधान मोजताना आपण पाणी कमी मोजतो, सवय जास्त मोजतो. यावर उतारा म्हणून एक कल्पित घर सगळ्यांपुढे ठेवतात : "एका घरी रोज सकाळी पाऊण तास नळ येतात, प्रेशर चांगलं असतं. या घराची सोय कशी म्हणाल?" या एकाच घराला टँकरवाला "मस्त" म्हणतो आणि ले-आउटवाला "बेकार". त्या दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे त्यांच्या मोजपट्ट्यांतलं अंतर. ते वजा केलं की मग दोघांच्या स्वतःच्या नळाबद्दलची उत्तरं शेजारी ठेवता येतात.

दारातल्या पहिल्या मिनिटाबद्दल थोडं सांगायला हवं. नागपुरात "सर्व्हे" हा शब्द कोरा नाही. बंगल्याच्या दारात त्याचा अर्थ मालमत्ता कराची फेरआकारणी. तिथे माणूस एक खोली कमी सांगतो. झोपडपट्टीत त्याचा अर्थ मालकी हक्काचे पट्टे. तिथे माणूस राहण्याची वर्षं वाढवून सांगतो आणि शेजारची दहा माणसं "आमचंही लिहा" म्हणत गोळा होतात. निवडणूक जवळ असली तर तिसराच अर्थ. मग उत्तरं कराच्या भीतीने किंवा पट्ट्याच्या आशेने वाकतात. म्हणून पहिल्या चार वाक्यांत चार गोष्टी : कोणाकडून आलो, कशासाठी, वीस मिनिटं लागतील, आणि यातून कर वाढणार नाही, घरकुल मिळणार नाही. शेवटचं वाक्य ऐकून काही दारं बंद होतात, होऊ द्यावीत. वीस मिनिटं म्हटलं तर वीसच लागली पाहिजेत. तेराव्या मिनिटानंतर उत्तरं आखूड होतात आणि पंचविसाव्यानंतर सगळंच "ठीक" होतं. मोबाइल नंबर घ्यायचा तो फेरतपासणीपुरता, वेगळ्या फाइलीत, आणि काम झाल्यावर पुसायचा.

कोणाला जबाबदार धरायचं, हे लोकांवर सोडू नये. पाण्याचं काम २०१२ पासून खासगी ऑपरेटरकडे, वीज महावितरणची, वर्धा रोड राष्ट्रीय महामार्ग, आणि नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) '५७२' व '१९००' अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या गुंठेवारी ले-आउटांत रस्ता नक्की कोणाचा, हे तिथल्या माणसाने सांगावं अशी अपेक्षाच चुकीची. सगळ्याचा राग "मनपा"वर निघतो. प्रश्न सेवेबद्दल विचारावा. मग वेगळं विचारावं, शेवटची तक्रार कोणाकडे केली आणि पुढे काय झालं. हेल्पलाइनच्या नोंदी पाहून सर्वेक्षणाचा खर्च वाचवता येईल, असा विचार दरवेळी कोणीतरी मांडतो. नंबर पाठ असणारे, चिकाटीने पाठपुरावा करणारे लोक सोयी असलेल्या भागांतच जास्त असतात. त्या नोंदींवर विसंबलं तर जिथून फोन येत नाहीत तो भाग सुखी ठरेल.

महिना कोणता निवडला यावरही शहर बदलतं. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, सगळं नागपूर पाण्याबद्दल बोलतं; कूलरच्या टाक्याही त्याच नळावर भरायच्या असतात. जुलैत खड्डे आणि तुंबलेली गडर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात कोणी सर्वेक्षण केलं असतं तर त्यात पुराशिवाय काही दिसलं नसतं. दरवर्षी तुलना करायची तर महिना तोच हवा. मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर. आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या ध्यानात येत नाही : तपासणीसाठी टॅबवर संभाषणाचे तुकडे ध्वनिमुद्रित केले जातात, आणि मेमध्ये त्यात कूलरची घरघर सोडून काहीच ऐकू येत नाही. मुलाखत ओसरीवर घ्या, असं आधीच बजावावं लागतं.

ही तपासणी लागतेच, कारण अर्ज चहाच्या टपरीवर बसूनही भरले जातात. ते ओळखता येतात. वीस मिनिटांचा अर्ज सहा मिनिटांत संपतो. सहा घरांचं जीपीएस एकाच ठिपक्यावर येतं. कुटुंबात सगळीकडे दोनच माणसं, कारण माणसं वाढली की यादी लांबते. सर्वांत बोलका पुरावा "नाही"चा. "गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात गेलात का?" याला "हो" म्हटलं की पुढे आठ प्रश्न उघडतात, हे दुसऱ्या दिवशी चमूला कळतं, आणि तिसऱ्या दिवसापासून कोणीच दवाखान्यात गेलेलं नसतं. असे सगळे हो-नाही सुरुवातीलाच विचारून घ्यावेत आणि उघडणारे प्रश्न नंतर ठेवावेत, म्हणजे मोह टळतो. दहातल्या एका घरी फोन करून तीन-चार उत्तरं पडताळावीत. मात्र मुलांवर संशय घेण्याआधी करारपत्र बघावं. मोबदला अर्जामागे ठेवला की अर्जच मिळतात. रोजाने ठेवला तर मुलाखती मिळण्याची शक्यता असते.

सरासरीबद्दल फार लिहीत नाही. शंभर जणांत साठांनी ५ दिले आणि चाळिसांनी १ दिला, तर सरासरी ३.४. साठांनी ३ दिले आणि चाळिसांनी ४ दिले, तरी ३.४. पहिल्या झोनमध्ये चाळीस टक्के लोकांचं जगणं हराम आहे, दुसऱ्यात सगळं बरं आहे, आणि अहवालात दोन्ही झोन एकाच रंगाचे. ६२ आणि ५८ टक्के यांत तर पहिला-दुसरा नंबर लावूच नये. पाच टक्के इकडेतिकडे असताना तो फरक फरकच नसतो.

"ठीक आहे" म्हणणारं हेच शहर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर उतरतं. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात पाट्या : महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, जे त्या वर्षी बोचलं ते. "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक ओरडतात, हसतात, आणि बोलायचं काही शिल्लक ठेवत नाहीत. तीच माणसं दारात एकेकटी गाठली की सौम्य होतात. तक्रारीला इथे सोबत लागते. म्हणून प्रश्नावली लिहिण्याआधी समाजभवनात किंवा झाडाखाली आठ-दहा जणांच्या बैठकी घ्याव्यात, बायकांच्या वेगळ्या. तिथे कोणीतरी सुरुवात करतं, दुसरी म्हणते "काय सांगू बाप्पा, आमच्याइथं तर…", आणि अर्जात कधीच न सुचलेला प्रश्न हाती लागतो. बैठकीतून टक्केवारी काढायची नाही. तिथून शब्द आणि विषय घ्यायचे. किती जणांना, हे दारोदार मोजायचं. मग नवा अर्ज चारही प्रकारच्या वस्त्यांत मिळून तीस-चाळीस घरी चालवून बघायचा आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारायचं, "मी जे विचारलं त्यावरून तुम्हाला काय समजलं?"

अर्जाचा शेवटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी हाच असतो : आणखी काही सांगायचं आहे का? त्यावर "नाही, काही नाही" असं उत्तर मिळतं. टॅब बंद होतो, पिशवीत जातो, चपला पायात जातात, फाटकाची कडी वाजते. आणि तेव्हा मागून आवाज येतो : "अन् ते खांबावरचा लाइट लिहिला का? दिवसा चालू राहते अन् रात्री बंद." फाटक ओलांडेपर्यंत टॅब बंद करू नये, आणि अर्जात "फाटकापाशी" नावाचा एक रिकामा रकाना असावा. त्यात बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं, प्रमाण मराठीत सुधारायचं नाही. कार्यालयात त्याचं "पथदिवे : असमाधानी" एवढंच केलं, तर दुरुस्तीवाला शिडी घेऊन येतो, बल्ब बदलतो आणि जातो. बाईचं वाक्य त्याच्या हातात पडलं, तर तो आधी टायमरचा डबा उघडून बघतो. घड्याळ बारा तासांनी उलटं लागलेलं असतं.